दहा बाय बारातला धडाका

होम थिएटर घ्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "किती वॅटचं?" दुसरा प्रश्न, "वूफर किती इंची?" खोली किती फुटी, हे मात्र कुणीच विचारत नाही. दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही! गंमत म्हणजे छोट्या खोलीत सगळा खेळ या तिसऱ्या प्रश्नावरच असतो.

वॅटचा हा नाद आपल्या मराठवाड्याला तर घरचाच. संभाजीनगरहून पैठण रोडला लागलं की बिडकीनच्या थोडं अलीकडे चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना तिथलाच. नव्वदच्या दशकात या कंपनीचा 'बझूम्बा' टीव्ही आला, तेव्हा ज्याच्या घरी तो असेल त्याच्या गल्लीला वेगळं सांगावं लागत नसे. त्याच काळात बाजारातल्या म्युझिक सिस्टिम्सच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' नावाचा एक प्रकार झळकायचा. हजार वॅट, दोन हजार वॅट... वाचूनच छाती दडपायची. पीएमपीओ म्हणजे ॲम्प्लिफायर क्षणभरासाठी जेमतेम गाठू शकेल असा फुगवलेला आकडा. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नव्हता. सतत मिळणारी खरी ताकद सांगतो तो 'आरएमएस'चा आकडा, आणि तो त्याच खोक्यावर कुठेतरी बारीक अक्षरात असायचा. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. वॅटची भूक मात्र अजून तशीच आहे!

आणि आता तर बिडकीनचा नूरच पालटतोय. दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमधल्या 'ऑरिक' या औद्योगिक शहराचा एक भाग शेंद्र्याला आणि दुसरा बिडकीनला. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर एनर्जी या दोन कंपन्यांनी इथल्या कारखान्यांची घोषणा केली. गावात नवे मजले चढताहेत आणि गच्चीवर स्वतःची एक खोली असलेली, पहिल्या-दुसऱ्या नोकरीतली मुलं वाढताहेत. माझा मावसभाऊ त्यातलाच एक. वाळूज एमआयडीसीत इंजिनिअर, नुकतं इन्क्रिमेंट झालेलं, पुढच्या वर्षी लग्न. म्हणजे स्वतःच्या मनासारखा खर्च करायचं हे बहुधा शेवटचं वर्ष! त्याचा फोन आला, "ताई, बारा इंची फायनल करायलोय. पोर्टेड. दुकानात ऐकला, नुसता धडाका!"

मी विचारलं, "खोली केवढी?"

"दहा बाय बारा. उंची दहा. का गं?"

बुकिंगच्या आधी त्याने एक शहाणपणा केला होता. एका मित्राचा तसाच सब पंधरा दिवसांसाठी घरी आणला होता. मी रविवारी गेले तर वर सिनेमा सुरू आणि खालून मावशीचा आवाज, "अरे, फळीवरचे डबे वाजायलेत!" काका मात्र कौतुकाने लेकाशेजारी वर येऊन बसलेले. पंधरा मिनिटांनी तेही उठले. आवाज कमी करू का, असं विचारल्यावर म्हणाले, "ऐकू येतं की रे, पण समजंना काय बोलतेत ते."

ऐकू येतं, पण समजत नाही. सबवूफर विकत घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लक्षात ठेवावं. त्याचा अर्थ पुढे सांगते. आधी खोलीकडे वळू.

खोलीलाही स्वतःचा सूर असतो

बाथरूममध्ये गुणगुणताना एखादा खालचा सूर अचानक घुमतो, हे तुम्ही अनुभवलंच असेल. बाकीचे सूर साधे आणि तोच एक भरदार. यात आपल्या गळ्याची काहीच कमाल नसते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्या सुराची लाट नेमकी बसते आणि मागेपुढे आपटत राहते. याला म्हणतात 'रूम मोड'.

हिशेब अगदी सोपा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्यामुळे पहिला घुमणारा सूर येतो ४७ हर्ट्झच्या आसपास. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, तो सूर ५६ हर्ट्झ. आता गोची बघा. माझ्या भावाच्या खोलीची रुंदीही दहा आणि उंचीही दहा! म्हणजे ५६ हर्ट्झला दोन-दोन मोड एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. सिनेमातला स्फोट असो, विमान असो की गाण्यातला बेस, त्या पट्ट्यात काहीही आलं की खोली आपलं एकच पालुपद लावते... भूंऽऽऽ!

यात बारा इंची सब काय करणार? तेच भूं आणखी मोठ्याने. दुकानाचा डेमो हॉल मोठा, तिथे हा प्रश्न एवढा डोकं वर काढत नाही. तिथे ऐकलेला सब आणि घरी आलेला सब एकच असतो, पण तुम्ही विकत घेता तो आवाज दुकानातच राहतो.

आणखी एक भानगड. परदेशी रिव्ह्यू वाचून आपण याद्या करतो. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची, भिंतींना जिप्समचे बोर्ड आणि हॉलला लागूनच किचन. अशा भिंती थोड्या हलतात, बेसचा काही भाग गिळतात, काही बाहेर सोडतात. आपल्याकडे वीट, सिमेंट आणि वर आरसीसी स्लॅब. बेस आत कोंडला जातो. त्यामुळे तिथे 'मोठ्या हॉलला कमी पडतो' म्हणून नापास झालेला छोटा सब आपल्या दहा बाय बारात चक्क डिस्टिंक्शनमध्ये पास होऊ शकतो!

सील्ड की पोर्टेड?

सबची खोकी मुख्यतः दोन प्रकारची. 'सील्ड' म्हणजे चारी बाजूंनी बंद. 'पोर्टेड' म्हणजे ज्याला हवा ये-जा करायला एक भोक किंवा नळी असते. पोर्टेड सब त्याच आकाराच्या ड्रायव्हरमधून जास्त आवाज काढतो, पण खोकं मोठं लागतं आणि नळी ज्या सुराला जुळवलेली असते त्याच्याखाली आवाज धाडकन कोसळतो. दर सप्तकाला साधारण २४ डेसिबल. सील्ड सबचा आवाज त्याच्या निम्म्या उताराने, १२ डेसिबलने, हळूहळू ओसरतो.

आता छोट्या बंद खोलीचा एक फायदा ऐका. खोलीच्या सगळ्यात खालच्या मोडच्याही खाली गेलं की लाटांचा खेळ संपतो आणि सब अख्ख्या खोलीतल्या हवेवर पंपासारखा दाब द्यायला लागतो. त्यामुळे एकदम खालचे सूर आपोआप उचलले जातात. याला म्हणतात 'रूम गेन'. सील्ड सब जिथे हळूहळू ओसरतो, तिथे खोली खालून हात देते. दार घट्ट लागणाऱ्या लहान खोलीत म्हणूनच सील्डची जोडी जमते. जागाही कमी जाते. खोली मोठी असेल, हॉलला उघडी असेल किंवा तुम्हाला जमीन हादरेपर्यंत ऐकायची सवय असेल, तर पोर्टेडचा विचार जरूर करा.

इंचांचं काय? लॉजिक असं आहे की सूर एक सप्तक खाली आला, म्हणजे ४० हर्ट्झवरून २० वर, तर तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. म्हणून मोठा कोन कामाचा असतोच, खोटं कशाला बोला! पण किती मोठ्या आवाजासाठी? थिएटरचं स्टँडर्ड धरलं तर बेसच्या चॅनलला ११५ डेसिबलपर्यंत उसळी मारता आली पाहिजे. घरात, आठ फुटांवर बसून तेवढं कुणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. आवाज १० डेसिबलने खाली आणला की लागणारी ताकद थेट दहाव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे दहा बाय बारासाठी आठ किंवा दहा इंचांचा चांगला सील्ड सब पोटभर होतो. उरलेले पैसे सेंटर स्पीकरमध्ये घाला. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात.

एक पैलवान की दोन भाऊ?

हा मुद्दा दुकानात सहसा कुणी सांगत नाही. २००२ मध्ये हरमन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी एक अभ्यास मांडला. प्रश्न साधा होता, चौकोनी खोलीत किती सब पुरेत? उत्तर असं की दोन सब समोरासमोरच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर ठेवले तर प्रत्येक खुर्चीवर बेस बराच सारखा पोचतो. चार ठेवले तर आणखी छान, पण त्यापुढे फार फायदा नाही.

असं का होतं? डावी-उजवीकडचे दोन सब रुंदीच्या त्या ५६ हर्ट्झच्या लाटेला दोन्ही टोकांनी विरुद्ध ढकलतात, त्यामुळे ती उभीच राहत नाही. लांबीच्या ४७ हर्ट्झच्या लाटेचा निवांत बिंदू नेमका भिंतीच्या मध्यावर असतो, म्हणून तिलाही तिथून जोर मिळत नाही. खोलीची दोन मोठी भुतं एकाच वेळी गप्प!

थोडक्यात काय, तेवढ्याच बजेटमध्ये एक बारा इंची पैलवान आणण्यापेक्षा आठ-आठ इंचांचे दोन सख्खे भाऊ आणा. पण सख्खेच हवेत, म्हणजे एकाच मॉडेलचे. एकदम परवडत नसेल तर आज एक घ्या, दुसऱ्याची जागा आणि वायरिंग करून ठेवा, पुढच्या बोनसला दुसरा आणा.

एकच सब असेल तर त्याची जागा शोधायची एक भन्नाट युक्ती आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा. हो, सोफ्यावरच! बेसचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे बेस स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल, तिथे सबचं बस्तान. 'सैराट'मधलं 'झिंगाट' लावून बघा. ठोका पडला आणि संपला, असं झालं तर जागा बरोबर. ठोक्यांच्या मधलाही वेळ गुणगुणाटाने भरला तर पुढे रांगा. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवलेली बरी! कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, कारण तिथून सगळेच मोड चेकाळतात. मोठा म्हणजे चांगला नव्हे, एवढंच ध्यानात असू द्या.

बसायची जागाही महत्त्वाची. सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे काही सूर गायबच होतात. मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे बेस अंगावर येतो. बारा फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे या. एवढं करून मग रिसीव्हरचं ऑटो सेटअप चालवा. हे सॉफ्टवेअर घुमणारे उंचवटे छाटतं, पण गायब झालेला सूर परत आणू शकत नाही. तिथे १० डेसिबल वाढवायचे म्हणजे दहापट ताकद, आणि सब बिचारा धापा टाकतो. भिंतीवर चिकटवायच्या फोमच्या चौकोनांकडूनही अपेक्षा नको. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरहून लांब असते, तिला दोन इंचांचा फोम दिसतसुद्धा नाही.

काकांचा प्रॉब्लेम

आता त्या वाक्याकडे येते. वय वाढतं तसे आपले कान आधी वरचे सूर गमावतात. स्वर बहुतांशी खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असतात, ते ऐकू येत राहतात. 'स', 'श', 'त', 'क', 'फ' ही व्यंजनं मात्र वरच्या पट्ट्यात, आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यावर बेस वाढवला की आणखी पंचाईत, कारण खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. आपण म्हणतो, "बाबा, अजून मोठं करू?" आणि नॉब फिरवून बेससकट सगळंच वाढवतो. बाबा हळूच उठून खाली निघून जातात.

उपाय साधा आहे. आधी सब दोन-तीन डेसिबल खाली. मग सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबल वर. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असा पर्याय असतो, तो चालू करा. त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, नाहीतर पुरुषी आवाजाचा खर्जही सबमधून यायला लागतो. आणि सबटायटल्स लावायला लाज कसली? सबची सेटिंग बरोबर आहे का, हे ओळखायची माझी कसोटी अशी: चालू असताना तो आहे हे जाणवू नये आणि बंद केला तर काहीतरी गेलं असं वाटावं.

भिंतीपलीकडचे

माझ्या भावाच्या शेजारच्या गच्चीवरही एक खोली आहे. तिथला मुलगा नाइट शिफ्टवाला, दिवसा झोपतो. बिडकीन-चितेगाव-वाळूज पट्ट्यात हे घरोघरी. आणि बेस ही भिंतीला न जुमानणारी गोष्ट. संवाद भिंतीशी थांबतात, बेस सरळ पलीकडे जातो. म्हणजे शेजाऱ्याला सिनेमा मिळत नाही, नुसती धडधड मिळते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण इथे एक मेख आहे. हे मोजमाप 'ए वेटेड' असतं, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालचे सूर कमी धरणारं. ५० हर्ट्झचा सूर त्यात सुमारे ३० डेसिबलने कमी मोजला जातो. मोबाइलवरचं ॲप हिरवा आकडा दाखवतं आणि शेजाऱ्याची काच थरथरत असते! त्यामुळे ॲपवर विसंबू नका. सरळ शेजारी जा, चहा घ्या आणि तिथून स्वतःच्या घराचा आवाज ऐका.

सबखाली जाड रबरी पाय किंवा मॅट घाला, म्हणजे स्लॅबमधून खाली जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही. त्याला दार-खिडकीच्या फटी बुजवणं आणि नॉब खाली आणणं, हेच औषध. सबमधून सतत बारीक गुंऽऽ येत असेल तर तो बहुतेक आपल्या विजेचा ५० हर्ट्झ किंवा त्याच्या दुपटीचा सूर. सब, रिसीव्हर आणि सेट-टॉप बॉक्स एकाच सॉकेटवरून चालवून बघा, मग इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. गुंगुं थांबते म्हणून अर्थिंगची पिन काढणारे महाभाग असतात, तो उद्योग चुकूनही करू नका. तिथे जिवाशी गाठ आहे.

भावाने शेवटी दहा इंची सील्ड घेतला, एकच. डाव्या भिंतीच्या मध्यावर ठेवलाय, समोरची जागा दुसऱ्यासाठी मोकळी. लग्नानंतर ती मोकळी राहील की तिथे ड्रेसिंग टेबल येईल, याबद्दल मावशीने मत राखून ठेवलंय. शेजारच्याची शिफ्ट कधी बदलते हे तो आता विचारून घेतो. काका वर येतात, पण ॲक्शनपट अजूनही त्यांना फारसे पटत नाहीत. जुने मराठी सिनेमे लावायला सांगतात, आणि त्यांत सबला बिचाऱ्याला फार काम नसतं!

तर मंडळी, या वीकेंडला दुकानात जाण्याआधी घरातली मेझरिंग टेप शोधा. लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहा. खाली कोण झोपतं, शेजारी कोण झोपतं आणि सिनेमा बघायला तुमच्याबरोबर कोण बसतं, हेही लिहा. तो कागद खिशात असू द्या. दुकानदार "किती वॅटचा दाखवू?" म्हणाला, की आधी तो त्याच्या हातात ठेवा.